डंक्लिओस्टिअस

डेव्होनियन कालखंडाच्या उत्तरार्धात, सुमारे ३८ ते ३६ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रात वावरणाऱ्या चिलखती माशांची एक नामशेष प्रजाती (जवळच्या जातींचा गट). डोके व छाती हाडांच्या तकटांनी झाकलेल्या प्लॅकोडर्म माशांमध्ये तिचा समावेश होतो. जबडा असलेल्या सर्वांत जुन्या पृष्ठवंशी प्राण्यांपैकी हे मासे होत. डंक्लिओस्टिअसची सर्वांत परिचित जाती म्हणजे डंक्लिओस्टिअस टेरेली (डं. टेरेली). तिचे अवशेष टेरेल या हौशी संग्राहकाला १८६७ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठच्या कड्यांत मिळाले. भूवैज्ञानिक जॉन न्यूबेरी यांनी १८७३ मध्ये त्यांचे वर्णन केले. प्रजातीचे सध्याचे नाव मात्र १९५६ मधले असून ते क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयातील डेव्हिड डंकल यांच्यावरून पडले.

सापडतो तो या माशाचा पुढचा भागच. डोक्यावरची व छातीवरची तकटे जाड हाडाची, काही ठिकाणी सुमारे ५ सेंमी. जाडीची, म्हणून ती टिकली. मागचा सांगाडा बहुतांशी कूर्चेचा असल्याने कुजून गेला. धड केवढे, शेपटी कशी, पोहण्याचा वेग किती, हे सारे नातेवाईक माशांच्या पूर्ण जीवाश्मांवरून ताडावे लागते. जुन्या पुस्तकांत त्याची लांबी ६ ते १० मी. दिलेली असते, ती अशीच ताडलेली. जीवाश्म-अभ्यासक रसेल एंगलमन यांनी २०२३ मध्ये डोळ्यापासून कल्ल्याच्या झाकणापर्यंतचे अंतर मोजून, इतर माशांतील त्याच प्रमाणाशी ताडून पाहिले. त्यानुसार पूर्ण वाढलेला मासा साधारण ३.४ मी. व सर्वांत मोठा नमुना सुमारे ४.१ मी. भरतो. लांबी घटली तरी डोके आहे तेवढेच राहते, त्यामुळे आता मासा आखूड, जाडजूड आणि धिप्पाड दिसतो. चित्रांत अजून लांबलचक राक्षसच दाखवतात, पण नवा अंदाज मापांवर उभा असल्याने अधिक विश्वसनीय वाटतो.

खरी नवलाई जबड्याची. आजच्या शार्कसारखे सुटे दात या माशाला नव्हते. जबड्याच्या हाडांनाच पुढे सुळ्यांसारखी टोके व मागे धारदार कडा असत. वरची व खालची पाती एकमेकींना घासत सरकत, त्यामुळे अडकित्त्यासारखी पकड बसे आणि धारही आपोआप लागत राही. डोक्याचे कवच छातीच्या कवचाला मानेपाशी सांध्याने जोडलेले होते. स्नायू आखडताच डोके वर उचलले जाई व त्याच वेळी खालचा जबडा खाली येई. फिलिप अँडरसन व मार्क वेस्टनीट यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रतिमानानुसार तोंड उघडायला सेकंदाचा सुमारे पन्नासावा भागच लागे. इतक्या झटक्यात आ वासल्यावर पाणी आत खेचले जाते आणि त्याबरोबर भक्ष्यही. चाव्याचा जोर त्यांनी टोकाशी सुमारे ४,४०० न्यूटन (बल मोजण्याचे एकक) आणि मागच्या पात्याशी सुमारे ५,३०० न्यूटन काढला. चपळाई आणि ताकद यांपैकी एक साधली की सहसा दुसरी सुटते. या माशात दोन्ही होत्या.

त्यामुळे मऊ अंगाच्या भक्ष्याबरोबरच चिलखती मासेही त्याच्या आवाक्यात आले. काही डंक्लिओस्टिअसांच्या कवचावर त्याच जातीच्या जबड्याशी जुळणाऱ्या जखमा आढळतात. म्हणजे आपापसांतही चावाचावी होत असावी. डोळ्याभोवती हाडांचे कडे होते. प्रजननाचा थेट पुरावा नाही, परंतु इन्सिसोस्क्युटम या त्याच्याच गणातील लहान माशाच्या पोटात गर्भ सापडले आहेत. त्यावरून डंक्लिओस्टिअसही पिलांना जन्म देत असावा, असे मानण्यास जागा आहे.

क्लीव्हलँड परिसरातील काळ्या शेल खडकात हे जीवाश्म विपुल मिळतात. १९६० च्या दशकात तेथे महामार्गासाठी झालेल्या खोदाईतून मोठा साठा संग्रहालयात आला. मोरोक्को, पोलंड व बेल्जियममध्येही प्रजातीचे अवशेष सापडले आहेत. सुमारे ३५.९ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियनच्या अखेरच्या विलोपनात, उरलेसुरले सर्व प्लॅकोडर्म नाहीसे झाले. ओहायोने २०२० मध्ये डं. टेरेलीला राज्याचा अधिकृत जीवाश्म मासा घोषित केले.