गाजर गवत

गाजर गवत : (काँग्रेस गवत, चटकचांदणी, पांढरी फुली, लॅ. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, कुल–कंपॉझिटी किंवा ॲस्टरेसी). उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेले आणि भारतात बहुतेक सर्वत्र पसरलेले वर्षायू तण. नावात गवत असले तरी या वनस्पतीचा गवतांच्या कुलाशी संबंध नाही. सूर्यफूल, झेंडू, शेवंती हे तिचे भाऊबंद आहेत. खुरपून काढायच्या कोणत्याही झाडोऱ्याला शेतकरी गवतच म्हणतो. कोवळ्या रोपाची बारीक चिरलेली पाने गाजराच्या पाल्यासारखी दिसतात, त्यावरून हे नाव रूढ झाले. ‘काँग्रेस’ या शब्दाची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. एक, शेंड्यावरचा पांढरा फुलोरा गांधी टोप्या घातलेल्या जमावासारखा दिसतो. दुसरे, काँग्रेसच्या राजवटीत परदेशातून आणलेल्या गव्हाबरोबर हे तण आले. कन्नडमध्येही ही वनस्पती याच पक्षाच्या नावाने ओळखली जाते. दोन्हींपैकी पहिले स्पष्टीकरण अधिक स्वाभाविक वाटते, कारण दुसरे खाली चर्चिलेल्या वादात अडकलेले आहे.

‘पार्थेनियम’ हे प्रजातीचे नाव ‘कुमारिका’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ मध्ये जातीचे नामकरण केले.

वर्णन : झाड साधारण अर्धा ते दीड मीटर, चांगल्या जमिनीत दोन मीटरपर्यंत वाढते. सुरुवातीची पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात आणि आपल्या सावलीखाली दुसरे काही उगवू देत नाहीत. मग मधून खोड उठते, वर भरपूर फांद्या फुटतात. खोडावर उभ्या रेघा आणि पानांवर बारीक लव असते. त्वचेला त्रास देणारी द्रव्ये मुख्यतः या लवेत साठतात.

फुलोऱ्यातील एक पांढरा ठिपका तोडून भिंगाखाली धरला, तर ते एक फूल नसून स्तबक (बारीक फुलांचा गुच्छ) असल्याचे दिसते. रुंदी जेमतेम तीन ते पाच मिलिमीटर. कडेला बरोबर पाच किरण-पुष्पके. त्यामुळे स्तबकाला पाच कोपरे असल्यासारखे वाटते. मधली बिंब-पुष्पके केवळ पराग देतात, फळ धरत नाहीत. फळ धरतात ती कडेची पाचच. प्रत्येक काळ्या, पाचरीसारख्या कृत्स्नफळाला (एकबीजी सुक्या फळाला) दोन वांझ पुष्पके चिकटलेली राहतात. ती पंखासारखी उपयोगी पडतात आणि पाण्यावर तरंगायलाही मदत करतात. एका स्तबकात पाच बिया, हा हिशेब किरकोळ वाटतो. पण एका झाडावर अशी हजारो स्तबके येतात. एका झाडापासून १५,००० ते २५,००० बिया मिळतात, असे सामान्यतः नमूद केले जाते. उगवणीनंतर चार ते सहा आठवड्यांत फुले येऊ लागतात. ओल मिळेल तेव्हा बी रुजते, म्हणून वर्षातून तीन-चार पिढ्या सहज होतात. जमिनीवर पडलेले बी फार टिकत नाही, मात्र गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते.

प्रकाशसंश्लेषणाच्या बाबतीत ही जाती सी-३ (बहुतेक वनस्पतींतील) आणि सी-४ (उष्ण, कोरड्या हवेला अधिक सोयीची) या दोन पद्धतींच्या मधली समजली जाते. उन्हाळ्यात, कमी पाण्यात ती तग धरते याचे काही अंशी हे कारण असावे.

मूळस्थान व भारतातील आगमन : मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा प्रदेश हे मूळस्थान मानतात. दक्षिण अमेरिकेतही (अर्जेंटिना, बोलिव्हिया) ही जाती आढळते, पण तेथील झाडांची फुले पिवळसर असतात आणि त्यांतील मुख्य विषारी द्रव्य पार्थेनीन नसून हायमेनीन असते. भारत, ऑस्ट्रेलिया व आफ्रिका येथे पसरलेला प्रकार पांढऱ्या फुलांचा, म्हणजे उत्तर अमेरिकी आहे.

भारतात ही वनस्पती केव्हा आली, याबद्दल एकमत नाही. लोकांमध्ये सर्वांत रूढ असलेली कथा ‘पी. एल. ४८०’ या अमेरिकी अन्नमदत कायद्याखाली आलेल्या गव्हाची आहे. पुण्यात १९५५ मध्ये ही वनस्पती वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांच्या पाहण्यात आली आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये त्यांनी ती भारतासाठी नवी म्हणून नोंदवली. अमेरिकेचा पी. एल. ४८० कायदा जुलै १९५४ चा असला, तरी त्याखालील भारताचा पहिला करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला. म्हणजे गहू करारानुसार येण्याआधीच झाड पुण्यात उभे होते. कथेतील कालक्रम येथेच अडखळतो.

तरीही आयात धान्याचा मार्ग पूर्णपणे नाकारता येत नाही. अन्नटंचाईमुळे १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला २० लाख टन धान्याची मदत कर्जरूपाने मंजूर केली होती. त्या किंवा तत्सम मालातून बी आले असणे शक्य आहे. चूक असेल तर ती एका विशिष्ट कायद्याचे नाव चिकटवण्यात.

दुसरा पुरावा वनस्पतिसंग्रहांतला आहे. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेच्या संग्रहात वनाधिकारी ब्रँडिस यांनी १८८० मध्ये गोळा केलेला नमुना असल्याचे १९७८ मध्ये दाखवून देण्यात आले. पुढे याहूनही मागे जाऊन, वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ (१८१४) या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांच्या यादीत हे नाव असल्याकडे लक्ष वेधले गेले. या आधारावर काही अभ्यासक पुण्याच्या नोंदीला ‘पहिली’ म्हणणे नाकारतात. येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. बागेच्या यादीत नाव असणे म्हणजे वनस्पती आपसूक वाढू-पसरू लागली असे नव्हे. आणि एका नमुन्यावरून एकोणिसाव्या शतकात तिचा प्रसार होता असेही ठरत नाही. १९५५ पूर्वी ती कोठे मोठ्या प्रमाणावर पसरली असती, तर त्या काळच्या बारकाईने लिहिलेल्या प्रांतिक वनस्पतिसूचींमध्ये ती सुटली नसती.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येथे उपयोगी पडते. क्वीन्सलंडमध्ये टूगूलावा येथे १९५५ मध्ये हे तण नोंदले गेले, पण तेथून ते फारसे पसरले नाही. १९६० च्या सुमारास टेक्ससहून आणलेल्या चाऱ्याच्या गवताच्या बियाण्यातून ते क्लेरमाँटजवळ पुन्हा आले आणि त्या दुसऱ्या आगमनाने शेकडो मैलांची कुरणे व्यापली. भारतातही एकाहून अधिक वेळा आगमन झाले असावे, आधीची आगमने विरून गेली असावीत आणि १९५० च्या दशकातील एक जोमदार ठरले असावे, हे मत या लेखात अधिक ग्राह्य मानले आहे. आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते : भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या पश्चिम विभागाचे कार्यालय पुण्यात १९५५ मध्येच सुरू झाले. झाड जेथे प्रथम दिसले तेथे ते ओळखणारी माणसेही होती. ते प्रथम जेथे आले ते ठिकाण पुणेच असेल, असे यावरून सिद्ध होत नाही.

प्रसार : रस्ते, लोहमार्ग, कालवे, बांधकामाची वाळू, ट्रॅक्टरची चाके, अर्धवट कुजलेले शेणखत ही बी पसरण्याची मुख्य साधने आहेत. उकिरडा, पडीक रान, गायरान, शाळेचे मैदान, नवीन रस्त्याच्या कडेचा भराव अशा मोडलेल्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर हे तण आधी शिरते. घट्ट गवताळ रानात किंवा दाट सावलीत त्याला जम बसवता येत नाही. अति पावसाच्या कोकणपट्टीत त्याचा जोर तुलनेने कमी असून, तेथे आणि कोल्हापूर-साताऱ्याच्या डोंगराळ भागात रानमोडी हे दुसरे अमेरिकी झुडूप अधिक वरचढ आहे. भारतातील व्याप्तीचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. जुन्या लिखाणात ५० लाख हेक्टर, तर अलीकडच्या लिखाणात ३.५ कोटी हेक्टर असे अंदाज आढळतात. मोजणीच्या पद्धती वेगळ्या असल्याने ते जपूनच वापरावेत.

परिणाम : मुळे, पाने आणि गळून पडलेला पाला यांतून पार्थेनीन व काही फिनॉलिक आम्ले जमिनीत उतरतात आणि इतर बियांची उगवण रोखतात. कडधान्यांच्या मुळांवरील नत्राच्या गाठीही कमी होतात. परागही निरुपद्रवी नाहीत. शेजारच्या पिकाच्या कुक्षीवर (फुलातील पराग धरणाऱ्या टोकावर) ते पडले की फलधारणा घटते, असे बंगळूरमधील अभ्यासांत आढळले. गायरानात पवना, मारवेल, कुसळी अशी चाऱ्याची गवते जाऊन एकजात पांढरा फुलोरा उरतो, तेव्हा नुकसान केवळ गवतांचे होत नाही. त्या गवतांच्या बियांवर जगणारे पक्षी, त्यांत अंडी घालणारे कीटक आणि शेळ्या-मेंढ्या घेऊन फिरणारा धनगर, सगळ्यांच्या वाट्याचे रान आक्रसते. जनावरे हा पाला सहसा टाळतात. चारा नसताना खाल्ला, तर दुधाला कडवटपणा येतो आणि तोंडाला, कातडीला फोड येतात.

माणसांत स्पर्शजन्य त्वचादाह हा मुख्य विकार. पुण्यातील त्वचारोगतज्ज्ञांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून याची नोंद केली. पापण्या, मान, कोपराचा खळगा अशा हवेतील कण साचणाऱ्या जागी खाज, लाली व पुढे जाड, काळवंडलेली कातडी दिसते. एकदा शरीर संवेदनशील झाले की झाडाला हात न लावताही विकार उसळतो. शेतात राबणाऱ्याला रान सोडून जाता येत नाही, म्हणून हा आजार वर्षानुवर्षे चालतो. परागांमुळे सर्दी व दम्याचा त्रासही होतो.

या तणाचा कमी परिचित असा परिणाम विषाणू व किडींच्या मार्गाने होतो. तंबाखूवरील स्ट्रीक विषाणू गाजर गवतात कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. या तणाचे पराग फुलकिड्यांमार्फत पिकावर पोचले की रोग दिसू लागतो. १९९७ पासून कर्नाटक व शेजारील राज्यांत सूर्यफुलावर आलेला मर-करपा आणि २००० मध्ये आंध्रातील अनंतपूर जिल्ह्यात भुईमुगावर आलेली मोठी साथ यांमागे हाच विषाणू होता.

पिठ्या ढेकणांची (रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडींची) कथा तर अमेरिकी जीवांच्या साखळीचीच आहे. कपाशीवरील पिठ्या ढेकूण (फेनाकॉकस सोलेनॉप्सिस) अमेरिकेतील; २००५ च्या पुढे गुजरात, पंजाब, महाराष्ट्रात त्याने कपाशीचे मोठे नुकसान केले. कपाशी उपटली गेली की तो बांधावरच्या गाजर गवतावर मुक्काम करी आणि पुढच्या हंगामात परत शेतात उतरे. काही वर्षांतच एक अगदी छोटी परोपजीवी माशी त्याला आतून पोखरताना आढळली. नवी जाती समजून २००९ मध्ये तिला कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. बंबावाले यांच्या नावावरून ‘एनासियस बंबावालेई’ असे नाव दिले गेले. नंतर ती अमेरिकेतील आधीच ज्ञात असलेली जाती निघाली. कोणीही न आणता ती भक्ष्यामागोमाग आली होती. पपईवरील पिठ्या ढेकूण मात्र वेगळा. तो २००८ मध्ये कोइमतूरला नोंदला गेला आणि लवकरच पुणे परिसरातही पोचला. त्यावरील परोपजीवी माश्या २०१० मध्ये पोर्तो रिकोहून रीतसर आणून सोडाव्या लागल्या. हा ढेकूणही गाजर गवतावर वाढतो.

नियंत्रण : कर्नाटकाने १९७५ मध्ये या वनस्पतीला कायद्याने हानिकारक तण ठरवले. प्रत्यक्षात कायद्यापेक्षा भुंग्याने अधिक काम केले आहे.

मेक्सिकन भुंगा (झायगोग्रामा बायकोलोराटा) १९८३ मध्ये मेक्सिकोहून बंगळूरला आणून, इतर पिकांवर चाचण्या घेऊन १९८४ मध्ये सोडण्यात आला. लांबी सुमारे सहा मिलिमीटर. मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी पट्टे. मादी पानांच्या खालच्या बाजूस पिवळी अंडी घालते. अळ्या शेंड्याकडील कोवळ्या कळ्यांपासून खायला सुरुवात करतात आणि मग जमिनीत शिरून कोषात जातात. पहिल्या वळवाने भुंगे जमिनीतून वर येतात. भाद्रपदात ज्या पट्ट्यात त्यांची संख्या वाढलेली असते, तेथे केवळ खोडांचे सांगाडे उरतात. त्यांची मर्यादाही हीच : हिवाळा लागला की ते जमिनीत निद्रिस्त होतात आणि कालव्याच्या पाण्यावर रब्बीत उगवलेले तण मोकळे सुटते.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीस कोलार जिल्ह्यात हे भुंगे सूर्यफुलाची पाने खाताना दिसले आणि मोठी खळबळ उडाली. भुंगे सोडण्याचे काम थांबवून चौकशी समिती नेमण्यात आली. शेजारच्या गाजर गवताचे पराग सूर्यफुलाच्या पानांवर पडल्यामुळे भुंगे तिकडे वळले, हे स्पष्टीकरण प्रयोगांनी बळकट झाले. सूर्यफुलावर त्यांची वंशवृद्धी होत नाही. आज हे भुंगे महाराष्ट्रातही सर्वदूर स्थिरावले आहेत.

फुलोऱ्यापूर्वी उपटणे हा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय होय. हातमोजे न घालता तो करू नये. असा पाला नाडेप (विटांच्या हौद्यातील कंपोस्ट) किंवा गांडूळ खतात घालता येतो. बी धरलेला पाला खड्ड्यात टाकला, तर तेच खत पुढच्या वर्षी तण घेऊन शेतात येते. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा जागृती सप्ताह पाळला जातो. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत तोवर पहिली पिढी फुलावर आलेली असते, तेव्हा उपटणीला जुलैतच हात घालणे योग्य.

स्पर्धक वनस्पती पेरण्याचाही सल्ला दिला जातो. टाकळा (विदर्भात तरोटा) पावसाच्या तोंडावर फेकून पेरला, की त्याची दाट रोपे गाजर गवताला दाबून टाकतात. शिवाय टाकळ्याची भाजी होते. याच हेतूने धारवाड परिसरात उपयुक्त ठरलेली सेना युनिफ्लोरा ही टाकळ्याची जवळची नातलग मात्र स्वतः उष्णकटिबंधीय अमेरिकेतील आहे. गाजर गवताला ती हटवते हे खरे; पण पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर तिने आता स्वतःची एकजात दाटी केली आहे आणि तिच्याखालीही स्थानिक गवत उगवत नाही. म्हणून ती मुद्दाम पेरण्याची शिफारस मागे घेणेच इष्ट ठरेल.