कबरीचा दगड धुताना अ‍ॅसिड नको

ऑक्टोबर लागला की नागपुरातल्या जरीपटक्याच्या दफनभूमीत साफसफाई सुरू होते, आणि पाठोपाठ आमच्या कबरीच्या दगडांच्या दुकानात तक्रारी. २ नोव्हेंबरला ऑल सोल्स डे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या आठवणीचा दिवस. त्याआधी घरची मंडळी कबर धुवायला जातात आणि परत येऊन म्हणतात, "बसवला तेव्हा दगड चकचकीत होता, आता खरखरीत झाला. माल हलका दिला का जी?"

माल हलका नसतो. दगडावर अ‍ॅसिड पडलेलं असतं.

पावसाळ्यात संगमरवरावर शेवाळ धरतं आणि ऊन पडलं की वाळून काळं होतं. पाण्याने निघत नाही म्हणून कोणीतरी घरून संडास साफ करायची बाटली आणतं. टाकल्याबरोबर फेस येतो, काळपटपणा जातो, सगळे खूश. पण तो फेस मळाचा नाही, दगडाचा आहे. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिडमध्ये ते विरघळतं. वरचं पॉलिश जातं, बारीक खड्डे पडतात, आणि पुढच्या पावसात त्याच खड्ड्यांत शेवाळ दुप्पट बसतं. मग पुन्हा बाटली. विश्वास बसत नसेल तर दुकानात या, उरलेल्या तुकड्यावर लिंबू पिळून दाखवतो. पुसल्यावर तिथे मंद डाग राहतो, तो हाताने घासून जात नाही.

"तुमचे कारागीर पण पॉलिशला पावडर वापरतात ना, ती अ‍ॅसिडचीच असते," असं एका जाणकार ग्राहकाने ऐकवलं. बरोबर आहे, ती ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पावडर. पण ती शेवटच्या घासणीला, मोजून, मशीनखाली वापरतात आणि लगेच धुतात. बाटली ओतून अर्धा तास प्रार्थना करणं ही वेगळी गोष्ट.

ग्रॅनाइट असेल तर बिनधास्त, असंही नाही. दगड टिकतो, पण सांध्यातलं सिमेंट आणि अक्षरांतला सोनेरी रंग टिकत नाही. सांधा उघडला की पाणी खाली जातं आणि फरशी एका बाजूने बसू लागते.

धुवायचं कसं? आधी भरपूर पाणी टाकून दगड भिजू द्या. मग साधा भांड्यांचा लिक्विड साबण, तोही लिंबाचा नको, आणि नायलॉनचा ब्रश. तारेची घासणी नाही. अक्षरांच्या खाचांत जुना टूथब्रश चालतो. मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण सुरीने खरवडू नका. सकाळी गारव्यात प्लास्टिकच्या पट्टीने उचललं तर अख्खी चकती निघते. झेंडूचे हार रात्रभर ओल्या संगमरवरावर ठेवू नका, पिवळा डाग आत जिरतो. मेणबत्त्यांसाठी आम्ही ग्रॅनाइटची छोटी ताटली करून देतो, उरलेल्या कापातून होते म्हणून स्वस्त पडते.

खराब झालेला दगड पुन्हा उजळतो, पण काम वेळखाऊ आहे. दफनभूमीत जनरेटर, पाणी, मशीन सगळं न्यावं लागतं. दरवेळी घासताना अक्षरं थोडी उथळ होतात, काही वेळा नाव पुन्हा कोरावं लागतं. त्यामुळे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पॉलिशचं काम आम्ही घेत नाही. राग मानू नका, त्या आठवड्यात घाईने केलेलं काम डिसेंबरात परत येतं. गणपतीनंतर लगेच सांगितलंत तर निवांत होतं. ईस्टरला कबर सजवणाऱ्यांनी फेब्रुवारीतच या.

नव्या कबरीवर पक्का दगड आम्ही एक पावसाळा गेल्याशिवाय बसवत नाही. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि भरलेली माती खचते ती वेगळीच. लोकांना ही टाळाटाळ वाटते. तोवर नाव-तारखेचा लाकडी क्रॉस आमच्याकडून लावून मिळतो. पुढे दगडाची ऑर्डर दिलीत तर त्याचे पैसे वळते करतो.

येताना नाव आणि तारखा कागदावर लिहून आणा, फोनवर सांगू नका. शेजारी घरच्यांची जुनी कबर असेल तर तिचा समोरून फोटोही आणा, म्हणजे दगडाची उंची आणि अक्षरांचं वळण जुळवता येतं.