पियानोच्या पट्ट्यांत न मावणारे सूर

पियानो मनिलातला असो की मुंबईतला, त्याच्या सप्तकातले बारा सूर ठरलेल्या अंतरावर असतात. फिलिपाइन्सच्या दक्षिणेला, मिंडानाओ बेटावर वाजणाऱ्या कुलिंतांगवर असं कुठलंच बंधन नाही. लाकडी चौकटीवर आडवे मांडलेले, मधोमध गाठीसारखा उंचवटा असलेले साधारण आठ धातूचे गाँग म्हणजे कुलिंतांग. एका घरातल्या संचाचे सूर शेजारच्या गावातल्या संचाशी जुळत नाहीत आणि ते जुळावेत अशी अपेक्षाही नसते. फिलिपिनो जॅझवर देशी संगीताचा ठसा कसा उमटला हे समजून घ्यायचं तर मला वाटतं सुरुवात या न जुळण्यापासूनच करावी.

जॅझ तिथे पोहोचला तो 1898 नंतरच्या अमेरिकी राजवटीत. त्याआधी तीनशेहून अधिक वर्षं स्पेनची सत्ता होती. चर्चमधलं गायन आणि गावोगावचे बँड यांच्यामुळे सखल भागातल्या लोकांच्या कानात युरोपीय सूर मुरले होते. पोर्तुगिजांच्या गोव्यात चर्चच्या शाळांनी असंच केलं. तिथे व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेले गोंयकार पुढे मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागले. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट हे त्यातलं गाजलेलं नाव. फिलिपिनो वादकही याच शिदोरीवर शांघाय आणि हाँगकाँगच्या नाचघरांपर्यंत गेले.

पण या वादकांच्या बालपणात गाँग नव्हते. मिंडानाओचा मुस्लिम सुलतानांचा मुलूख आणि लुझोन बेटावरचा कॉर्डिलेरा डोंगराळ प्रदेश स्पेनला कधीच पुरता ताब्यात घेता आला नाही, म्हणून गाँग तिथे टिकले. त्यामुळे ‘देशी संगीत फिलिपिनो जॅझच्या रक्तात आहे’ हे वाक्य मला पटत नाही. कोपर आणि मुठी आपटून पियानो वाजवणाऱ्या बॉबी एन्रिकेझला परदेशात ‘मिंडानाओचा रानटी माणूस’ म्हणून ओळखत. त्याचा जन्म मात्र नेग्रोस बेटावरच्या बाकोलोद शहरातला. अशा बिरुदांमुळे मिंडानाओच्या खऱ्या, अतिशय शिस्तबद्ध वादनपरंपरेवर अन्यायच झाला. जॅझवाल्यांना ही परंपरा मुद्दाम, गुरूकडे बसून शिकावी लागली. आणि शिकताना पहिली अडचण आली ती ध्वनिशास्त्राची.

ताणलेली तार छेडली की मूळ सुराबरोबर त्याच्या जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर निघतात: मूळ सूर 220 कंपनांचा असेल तर 440, 660, 880 असे. पियानोवर एकत्र वाजवलेले स्वरसमूह गोड लागतात, कारण त्यातल्या सुरांचे बरेच उपस्वर एकमेकांवर येऊन बसतात. गाँग ही वक्र धातूची पात्रं. त्यांचे उपस्वर अशा सरळ पटीत येत नाहीत. मधल्या उंचवट्यामुळे मूळ सूर बऱ्यापैकी स्पष्ट होतो, पण वरचे उपस्वर आपापल्या जागी विखुरलेले राहतात. आता सेकंदाला 440 कंपनांचा आणि 446 कंपनांचा सूर एकत्र वाजला, तर आवाज सेकंदाला सहा वेळा लहानमोठा होताना ऐकू येतो. हे अंतर वीस-तीस कंपनांवर गेलं की ती लाट वेगळी ऐकू येत नाही, कानाला नुसता खरखरीतपणा जाणवतो, कारण दोन्ही सूर अंतर्कर्णातल्या पडद्याचा जवळजवळ एकच भाग हलवतात. प्लॉम्प आणि लेव्हेल्ट या डच संशोधकांनी 1965 मध्ये दाखवलं की सुसंवाद-विसंवादाची आपली जाणीव बऱ्याच अंशी या खरखरीवर ठरते. म्हणजे गाँग बेसूर नसतात. त्यांचे उपस्वर पियानोच्या उपस्वरांच्या अधल्यामधल्या जागी पडतात, एवढंच.

उंचवटा आत किंवा बाहेर ठोकून गाँगचा सूर बदलता येतो, पण पियानोसाठी तसं केलं तर त्या संचाचं स्वतःचं रूप जातं. मग जॅझमध्ये काय सहज येऊ शकतं? काळाची रचना! पूर्ण मेळात बाबेंडिल नावाचा छोटा गाँग एक ठेका धरून ठेवतो. दाबाकान हा ढोल त्याला भरतो. आगुंग हे मोठे टांगलेले गाँग खालून खर्ज देतात. गांडिंगान या चार टांगलेल्या गाँगवर बोलीतले चढउतार वाजवून पूर्वी दूरवर निरोप धाडत. या सगळ्यावर कुलिंतांगवादक दुयुग, सिनुलुग, तिडतू अशा ठरलेल्या चालींत आयत्या वेळी विस्तार करतो. तबल्याच्या स्वतंत्र वादनात लेहरा, म्हणजे फिरून फिरून येणारी सुरावट, आवर्तन सांभाळतो आणि ताल खेळतो. इथे ताल सांभाळतो आणि सुरावट खेळते. इथे पाश्चात्त्य अर्थाने स्वरसमूह बदलत नाहीत. 1950 च्या दशकाच्या अखेरीस जॅझवादकही एकाच स्वरपंक्तीवर दीर्घकाळ रेंगाळू लागले होते, त्यामुळे भेटीची जागा आधीच तयार होती असं म्हणायला हरकत नाही.

कॉर्डिलेरातल्या कालिंगा लोकांचा धडा आणखी वेगळा. तोंगातोंग म्हणजे जमिनीवर आपटायच्या, वेगवेगळ्या लांबीच्या बांबूच्या नळ्या. प्रत्येकाच्या हातात एकच नळी, प्रत्येकाचा आघात ठरलेल्या क्षणी. कान ते आघात जोडून एक सलग नक्षी ऐकतो, जी कुणीही एकट्याने वाजवलेली नसते. एकल वादकाला डोक्यावर घेणाऱ्या जॅझला हे मोठं आव्हान आहे.

शिकवणाऱ्यांत दानोंगान कालांदुयान यांचं नाव आदराने घ्यायला हवं. मिंडानाओवरच्या मागिंदानाओ समाजातले हे उस्ताद 1976 मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात आले, पुढे सॅन फ्रान्सिस्को परिसरात त्यांनी अनेकांना घडवलं, आणि 1995 मध्ये त्यांना अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. त्यांच्याकडे शिकलेली तालवादक सुझी इबारा न्यूयॉर्कच्या मुक्त जॅझमधून पुढे आली. तिच्या ‘टॉकिंग गाँग’ या त्रयीत बासरी, तालवाद्यं आणि चक्क पियानो आहे. नाव मात्र गांडिंगानवरून घेतलेलं. लुझोनच्या वर्षावनांवरून सुचलेल्या, याच चमूभोवती रचलेल्या तिच्या ‘स्काय आयलंड्स’ला 2025 चं संगीताचं पुलित्झर मिळालं.