डीईएफ गुणवत्ता-दोषनिदान (अवजड वाहने)

बीएस-६ (धुरातल्या प्रदूषणाचे मानक) मालट्रकच्या डॅशबोर्डवर डीईएफचा (डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, धूर स्वच्छ करणारा द्रव), म्हणजे ड्रायव्हर-मेस्त्रींच्या भाषेत 'युरिया'चा, दर्जा बिघडल्याची सूचना आली की खोट नेमकी कुठे आहे हे शोधण्याची पद्धत. खोट टाकीतल्या द्रवात असू शकते, तो द्रव मोजणाऱ्या सेन्सरमध्ये असू शकते किंवा पुढच्या फवारणीत आणि उत्प्रेरकात (धूर स्वच्छ करणारी रासायनिक क्रिया घडवणारा भाग) असू शकते. सूचना मात्र तिन्ही वेळा जवळजवळ सारखीच दिसते.

खानदेशात हा विषय रोजच्या कामाचा आहे. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे महामार्ग धुळ्याजवळ एकमेकांना छेदतात. रावेर, यावल, सावदा भागातली केळी ट्रकने दिल्लीपर्यंत आणि त्याही पुढे जाते. काढलेला माल थांबत नाही, त्यामुळे वाटेत गाडीची ताकद कमी झाली की गॅरेजवर घाई होते आणि घाईत नको तो पार्ट बदलला जातो.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. 'ॲडब्लू' हे त्याचे जर्मन वाहन उद्योग संघटनेच्या मालकीचे व्यापारी नाव आहे. दर्जा आयएसओ २२२४१ या मानकाने ठरतो. हा द्रव डिझेलमध्ये मिसळत नाही, वेगळ्या टाकीतून गरम धुरावर फवारला जातो. उष्णतेने युरियाचा अमोनिया होतो आणि उत्प्रेरकावर तो नायट्रोजन ऑक्साइडचे साधा नायट्रोजन आणि पाणी यांत रूपांतर करतो. भारतात बीएस-६ मानक १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. ज्या युरो-६ नियमांच्या धर्तीवर ते बेतले आहे, त्यांत खराब द्रवासाठी टप्पे आखलेले आहेत. आधी इशारा मिळतो, १० तासांत दुरुस्ती झाली नाही तर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, २५ टक्क्यांनी उतरतो आणि २० तासांनंतर गाडी ताशी २० किलोमीटरवर बांधली जाते. कोंडाईबारीच्या घाटात भरल्या गाडीला हा पहिला टप्पासुद्धा जड जातो.

सूचना दोन वाटांनी तयार होते आणि निदानाची सगळी दिशा यावर ठरते. टाकीतला सेन्सर द्रवातून अल्ट्रासोनिक ध्वनी सोडतो आणि त्याच्या वेगावरून व तापमानावरून युरियाचे प्रमाण काढतो. हे थेट मोजमाप झाले. दुसऱ्या वाटेने ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) उत्प्रेरकाच्या आधीच्या आणि नंतरच्या नॉक्स, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड मोजणाऱ्या, सेन्सरांचे आकडे पाहतो. रूपांतर अपेक्षेपेक्षा कमी भरले तर 'द्रव पातळ असावा' असा तर्क करतो. तर्काने आलेला कोड आणि मोजून आलेला कोड यांना एकाच मापाने तोलू नये. स्कॅनरवर पी २०७एफ हा कोड द्रवाच्या दर्जाचा, तर पी २०ईई हा उत्प्रेरकाच्या कार्यक्षमतेचा. जे १९३९ या अवजड वाहनांच्या कोड-पद्धतीच्या यादीत एसपीएन (दोषाचा क्रमांक) ३३६४ दर्जाचा आणि ४३६४ रूपांतराच्या कार्यक्षमतेचा असतो. ४३६४ एकटाच आला असेल तर टाकी रिकामी करण्याआधी थांबावे.

पहिली चाचणी मात्र द्रवाचीच करावी, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर होणारी आहे. स्वच्छ काचेच्या बाटलीत टाकीतला नमुना घ्यावा. चांगला द्रव पाण्यासारखा स्वच्छ आणि रंगहीन असतो. निळे असते ते टाकीचे झाकण. गढूळपणा, तळाशी गाळ, वर तेलाची झाक किंवा नाकात झोंबणारा अमोनियाचा तीव्र वास यांपैकी काहीही दिसले तर संशय पक्का समजावा. टाकीत डिझेल पडल्याचे कळले तर इग्निशनची चावीही फिरवू नये. पंप चालू झाला की डिझेल नळ्यांत शिरते आणि तिथले रबरी सील फुगतात.

यानंतर डीईएफचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे द्रवात प्रकाश किती वळतो (अपवर्तनांक) यावरून युरियाचे प्रमाण दाखवणारा मीटर. त्याचा शून्य आधी डिस्टिल्ड वॉटरवर जुळवावा, काच पुसावी, मग दोन-तीन थेंब टाकावेत. मानकानुसार युरिया ३१.८ ते ३३.२ टक्क्यांच्या दरम्यान हवा, आणि २० अंश सेल्सियसला अपवर्तनांक १.३८१४ ते १.३८४३. काही ठिकाणी घनता मोजणारा हायड्रोमीटर वापरतात. तिथे खानदेशचा उन्हाळा फसवतो. घनतेची १.०८७ ते १.०९३ ही मर्यादा २० अंशांसाठी आहे. मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या द्रवाची घनता सुमारे ०.०१ ने खाली येते. तोच आकडा २० अंशांवर आला असता तर युरिया २९ टक्क्यांच्या आसपास आहे असा अर्थ निघाला असता. तापमान न पाहता चांगला माल 'पाणी मिसळलेला' ठरतो, आणि भांडण पंपवाल्याशी होते.

रिफ्रॅक्टोमीटरचीही एक मर्यादा आहे आणि आपल्या भागात ती नेमकी अंगावर येते. तो फक्त प्रमाण सांगतो, शुद्धता सांगत नाही. शेतीचा युरिया बोअरच्या पाण्यात विरघळवून बनवलेला द्रवही बरोबर ३२.५ दाखवू शकतो. कापूस-केळीच्या पट्ट्यात युरियाची गोणी सहज हाताला लागते, पण २०१५ पासून देशात शेतीसाठी विकला जाणारा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. हे तेल द्रवात उतरते. शिवाय अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे हा कायद्याने गुन्हा आहे. पाण्याचे गणित याहून कठोर आहे. मानकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम प्रत्येकी किलोला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आणि कठीण पाण्यात लिटरला दहांनी, कधी शेकड्यांनी मिलिग्रॅम असतात. हे क्षार आधी नोझलच्या छिद्रावर आणि मग उत्प्रेरकावर बसतात. तिथून ते धुऊन काढता येत नाहीत. संशय असेल तर पाण्याचा कठीणपणा दाखवणारी चाचणीपट्टी बुडवून पाहावी. ती प्राथमिक खूण देते, निर्णय प्रयोगशाळेचाच.

ऊन द्रव खराब करते ते साठवणीत. आयएसओ २२२४१ च्या साठवण भागानुसार २५ अंशांपर्यंत ठेवलेला माल १८ महिने टिकतो, ३० अंशांपर्यंत १२ महिने, ३५ अंशांपर्यंत ६ महिने, आणि ३५ च्या वर प्रत्येक बॅच वापरण्यापूर्वी तपासावी लागते. जळगाव-भुसावळचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीच्या बराच वर असतो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा ढाब्याच्या अंगणात उन्हात ठेवलेल्या वीस लिटरच्या बकेटमध्ये युरियाचे विघटन होऊन अमोनिया सुटतो आणि प्रमाण घसरते. झाकण सैल असेल तर उलट पाणी उडून प्रमाण वाढतेही. म्हणून एकाच दुकानातल्या दोन बकेटींचे आकडे दोन्ही बाजूंना चुकलेले निघाले तर नवल नाही. थंडीचा त्रास इथे नाही, द्रव उणे ११ अंशांना गोठतो. पण केळी घेऊन काश्मीरकडे जाणाऱ्या गाडीचा टाकी-हीटर हिवाळ्याआधी पाहिलेला बरा. भरण्याची भांडी प्लास्टिकची किंवा स्टेनलेस स्टीलची असावीत. तांबे, पितळ किंवा जस्ताच्या मुलाम्याच्या फनेलमधून धातू द्रवात उतरतो.

नमुना चांगला निघाला तर त्याचा आकडा स्कॅनरवर टाकीतला सेन्सर दाखवत असलेल्या प्रमाणाशी ताडावा. हातातला मीटर ३२.५ आणि स्कॅनर २५ दाखवत असेल, तर सेन्सरवर हवेचे बुडबुडे, साचलेले स्फटिक, कनेक्टरमधली ओल किंवा वायरिंग पाहावे. नुकती टाकी भरली असेल तर बुडबुडे बसेपर्यंत थोडा वेळ द्यावा. दोन्ही आकडे ठीक असूनही रूपांतर कमी असेल तर रोख पुढे वळतो. फवारणीचे नोझल काढून मापाच्या नळीत ठरल्या वेळात किती द्रव पडतो ते मोजावे, पंपाचा फिल्टर आणि दाब पाहावा, नोझलजवळ युरियाचा पांढरा खडा साचला आहे का ते पाहावे. बराच वेळ चालू इंजिनावर उभ्या राहणाऱ्या गाडीत धूर पुरेसा तापत नाही आणि हा खडा लवकर साचतो. उत्प्रेरकाआधी धुराची गळती असेल किंवा नॉक्स सेन्सर चुकीचे वाचत असेल, तरी दोष युरियावर येतो. उत्प्रेरक बदलण्याचा विचार सर्वांत शेवटी, कारण या यंत्रणेत तोच सर्वांत महाग भाग आहे.

द्रवच खराब निघाला तर टाकी पूर्ण रिकामी करून क्षारमुक्त पाण्याने धुवावी, फिल्टर बदलावा आणि ताजा माल भरावा. नुसते वरून चांगले भरून प्रमाण सुधारते, क्षार आणि तेल आतच राहतात. त्यानंतर लॅपटॉप लावून यंत्रणेची चाचणी करून घ्यावी लागते. बॅटरीची वायर काढून कोड जात नाही. इम्युलेटर (ईसीयूला खोटे संकेत देणारे उपकरण) बसवून 'युरिया बंद' करून देणारेही भेटतात. ते बेकायदा आहे, आणि त्या गाडीचा सगळा नायट्रोजन ऑक्साइड रस्त्याकडेच्या गावांच्या हवेत जातो.

टाकी रिकामी करण्यापूर्वी स्वच्छ, घट्ट झाकणाच्या बाटलीत अर्धा ते एक लिटर द्रव राखून ठेवावा. बाटलीवर तारीख, गाडीचा क्रमांक आणि बकेटीचा बॅच क्रमांक लिहून ती सावलीत ठेवावी. ड्रायव्हरने पाणी घातले की दुकानदाराने जुना माल दिला, हा वाद उद्या उभा राहिला तर प्रयोगशाळेत पाठवायला तेवढाच पुरावा शिल्लक असतो.