आधी घर, मग बाकीचे: बेघरपणावरील एका उपायाची पारख

बेघर माणसाला कायमचे घर कधी द्यावे, या प्रश्नाचे उत्तर अनेक देशांत कित्येक दशके ठरलेले होते: तो घरासाठी ‘लायक’ झाल्यावर. आधी रात्रनिवारा, तेथे शिस्तीत राहिल्यास वसतिगृह, व्यसन सुटले आणि औषधे नियमित सुरू झाली तर देखरेखीखालची खोली, आणि या साऱ्या पायऱ्या चढून गेल्यावर स्वतःचे घर. मधली एखादी पायरी चुकली की पुन्हा रस्ता. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही; अडचण एवढीच की घराची सर्वाधिक निकड असलेली माणसेच या जिन्यावरून हमखास घसरत.

मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ ही संस्था सुरू करून हा क्रम उलटा केला. तीव्र मनोविकार असलेल्या आणि बऱ्याचदा जोडीला व्यसनही असलेल्या बेघरांना त्यांनी शहरातील सर्वसाधारण इमारतींमध्ये भाड्याची स्वतंत्र घरे मिळवून दिली. अटी मोजक्याच होत्या: उत्पन्नाच्या साधारण 30 टक्के भाडे भरायचे, इतर भाडेकरूंना लागू असलेले नियम पाळायचे आणि कार्यकर्त्यांना ठरावीक दिवशी घरी भेटू द्यायचे. उपचार घेण्याची सक्ती नव्हती, आणि पुन्हा दारू सुरू झाली एवढ्या कारणाने घर जात नव्हते.

मात्र हातात किल्ली देऊन मोकळे व्हायचे, असा हा प्रकार नाही, आणि या पद्धतीची नक्कल करणाऱ्यांची गफलत बहुधा येथेच होते. मानसोपचारतज्ज्ञ, परिचारिका, व्यसनमुक्ती समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ते यांचा चमू भाडेकरूच्या दारापर्यंत जातो. घरमालकाशी खटके उडाले तर मध्यस्थी करतो, आणि घर सोडावेच लागले तर दुसरे शोधून देतो. घर आणि उपचार दोन्ही मिळतात, पण एक दुसऱ्याची अट नसते.

हा क्रम का लागू पडतो, हे समजण्यासाठी रस्त्यावर राहणाऱ्या, स्किझोफ्रेनियाने ग्रस्त असलेल्या माणसाचा एक दिवस डोळ्यांसमोर आणावा. गोळ्या ठेवायला जागा नाही. ज्या पिशवीत त्या आहेत ती चोरीला जाते, भिजते किंवा सफाई कर्मचारी उचलून नेतात. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली तरी ती बदलल्याचे कळवायला पत्ता नाही. रात्री गाढ झोपावे तर सामान जाण्याची आणि मारहाणीची भीती, म्हणून झोप तुकड्यातुकड्यांनी होते. अपुरी झोप मनोविकार बळावण्याचे एक कारण असते. काहीजण रात्री सावध राहता यावे म्हणून उत्तेजक पदार्थ घेतात, तर काहीजण थंडी विसरण्यासाठी दारू पितात. ज्या परिस्थितीमुळे आजार वाढतो, त्याच परिस्थितीत राहून आधी बरे होऊन दाखवा, असे जुनी पद्धत सांगत होती.

तर्क पटणारा असला तरी पुरावा हवाच. 2009 ते 2013 या काळात कॅनडातील पाच शहरांत, मनोविकार असलेल्या 2,000 हून अधिक बेघर व्यक्तींची यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला आधी घर मिळाले, दुसऱ्याला नेहमीच्या सेवा. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण काळ घरात राहिलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात 62 टक्के आणि दुसऱ्यात 31 टक्के होते. या काळात घर अजिबात न लाभलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 16 आणि 46 टक्के. सामाजिक क्षेत्रातील प्रयोगांत इतका ठळक फरक क्वचितच दिसतो.

याच अभ्यासाची दुसरी बाजू पुरस्कर्ते जरा हळू आवाजात सांगतात. मनोविकाराची लक्षणे आणि व्यसन यांत दोन्ही गटांत सुधारणा झाली, पण ती जवळपास सारखीच. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या 2018 च्या अहवालानेही, एचआयव्हीबाधितांचा अपवाद वगळता, अशा घरांमुळे आरोग्य सुधारते याचा भक्कम पुरावा अद्याप नसल्याचे नोंदवले. विरोधक यावर बोट ठेवतात. माझ्या मते ते अर्धेच वाचतात. घरामुळे व्यसन सुटले नाही हे खरे, परंतु व्यसन न सोडता घर दिले तर व्यसन हाताबाहेर जाईल, ही भीतीही खोटी ठरली. सिएटलमध्ये दारूच्या तीव्र व्यसनाधीन लोकांना खोलीत पिण्याची मुभा असलेली घरे देण्यात आली, तेव्हा त्यांचे पिणे वाढण्याऐवजी कमी झाल्याचे 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

खर्चाच्या बाबतीतही दावे तोलूनच घ्यायला हवेत. कॅनडात रुग्णालये, पोलीस आणि निवारे यांवर सर्वाधिक खर्च होत असलेल्या 10 टक्के लोकांमागे गुंतवलेल्या दर 10 डॉलरांमागे 21 डॉलरांहून अधिक वाचले. इतरांच्या बाबतीत खर्चाचा काही भागच भरून निघाला. अमेरिकेतील उटा राज्याने तर 2015 मध्ये दीर्घकालीन बेघरपणा 91 टक्क्यांनी घटल्याचे जाहीर केले, पण या घटीतील बराच वाटा मोजणीची पद्धत बदलल्याचा होता.

संपूर्ण देशाचे धोरण म्हणून हा विचार फिनलंडने 2008 पासून राबवला. राजधानी हेलसिंकीत साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेचे सुमारे 250 खाटांचे मोठे निवारा केंद्र होते; 2012 मध्ये त्याच इमारतीत 81 स्वतंत्र घरे तयार झाली आणि तेथे राहणाऱ्यांशी रीतसर भाडेकरार झाले. खाटा कमी करून घरे वाढवणे हे सोपे नव्हते, कारण उरलेल्या लोकांसाठी इतरत्र घरे उभी असणे गरजेचे होते. परवडणारी घरे बांधण्याची आणि विकत घेण्याची यंत्रणा देशात आधीपासून होती, म्हणूनच ते जमले. 2008 मध्ये सुमारे 8,000 असलेली बेघरांची संख्या 2023 पर्यंत 3,429 वर आली. 2024 मध्ये मात्र ती वाढून 3,806 झाली. याच काळात सरकारने घरभाड्यासाठीच्या साहाय्यात कपात केली होती.