'जेवलास का न्हाई?'

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एखाद्या तालमीत संध्याकाळी जाऊन बसलात, तर जोर मारणाऱ्या पोरांत एखादं गप्प गप्प असलेलं दिसतं. आदल्या रात्री बाप पिऊन आलेला, घरात भांडणं. वस्ताद खोदून विचारत नाहीत. हातात खोरं देऊन आखाड्यातली माती उकरायला लावतात आणि जाता जाता म्हणतात, "जेवलास का न्हाई?"

या प्रश्नाचं काम पोटापुरतं नसतं. माणूस घाबरला की मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो, ती मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींना जागं करते आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. कुस्तीच्या दिवशी ते हवंच. रक्तात साखर येते, अंगात बळ येतं. पण रोज रात्री कडी वाजली की हेच सुरू होत असेल, तर झोप मोडते, धडा डोक्यात शिरत नाही. शाळेत मग शेरा पडतो : 'लक्ष नाही'.

लहान मुलाजवळ विश्वासाचं माणूस असलं तर कॉर्टिसॉल कमी चढतं. अमेरिकेत एका प्रयोगात मुलांना परीक्षकांपुढं भाषण करायला उभं केलं. तयारीला आईबाप सोबत असले की नऊ-दहा वर्षांच्या मुलांचं कॉर्टिसॉल कमी वाढलं. पंधरा-सोळा वर्षांच्यांना मात्र त्या सोबतीचा तसा उपयोग झाला नाही. (पोरगं वयात आलं की ऐकत नाही, ही तक्रार इतकी जुनी आहे, पण त्यात रक्तातलं रसायनही असेल असं कुणाला वाटलं होतं?) घरातली ढाल पातळ होते त्याच वयात पोरं तालमीच्या कट्ट्यावर येऊन बसतात. वस्तादांची, शेजारच्या मावशींची गरज तिथं सुरू होते, असं माझं मत आहे.

हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी कित्येक दशकं घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं आजारपण असं सगळं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात आजी, शिक्षक, शेजारी असं निदान एक टिकून राहिलेलं माणूस होतं. बाकीची अडखळली, पण त्यांतलेही बरेच जण तिशी-चाळिशीपर्यंत सावरले.

आधार आईलाही लागतो. २०१९च्या महापुरात शाळेच्या वर्गात सतरंजीवर संसार मांडलेल्या बाईचं तान्हं कुणी तासभर सांभाळलं, तर तिला झोप मिळते. झोपून उठलेली आई पोरावर कमी खेकसते.

तालमीनं सगळं भागत नाही. अंगावर वळ घेऊन येणाऱ्या किंवा 'जगावंसं वाटत नाही' म्हणणाऱ्या पोराला नुसत्या खुराकानं बरं वाटणार नाही. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६, दोन्हीकडं फोन फुकट लागतो. तालमीच्या फळ्यावर वर्गणीच्या यादीशेजारी एवढी जागा निघेल.