‘सैतानी स्वर’ आणि मेटल

वर्षानुवर्षे फिरणारा दावा असा: ‘ट्रायटोन (दोन स्वरांमधले तीन पूर्ण स्वरांचे अंतर) हे सैतानी स्वरांतर. मध्ययुगात चर्चने त्यावर बंदी घातली, वाजवणाऱ्याला शिक्षा होई. मेटलवाले (जड, कर्कश गिटारचे रॉक वाजवणारे) मुद्दाम तेच वापरतात.’

आधी ते ऐका. पेटीवर पांढरी एक आणि काळी तीन एकत्र दाबा. पांढरी एक सा धरला, तर हे झाले सा आणि तीव्र मध्यम. यमन शिकलेल्याच्या कानाला ही जोडी रोजची.

मध्ययुगीन गायक ती टाळत, हे खरे. कारण व्यावहारिक होते: साथीशिवाय हे अंतर अचूक गाणे अवघड, आणि कानाला ते कर्कश वाटे. पण बंदीचा हुकूम किंवा शिक्षेची नोंद आजवर सापडलेली नाही. सैतानाचे नाव ठळकपणे दिसते ते बऱ्याच उशिरा, 1725 सालच्या एका गाजलेल्या लॅटिन पाठ्यपुस्तकात, तेही विद्यार्थ्यांसाठीचा नियम म्हणून.

आता पाचवी, सातवी, दुसरी आणि चौथी पांढरी पट्टी एकत्र दाबा, मग पहिली, तिसरी, पाचवी. पहिल्या गटातल्या सातवी-चौथीत ट्रायटोनच आहे. त्याचा ताण दुसऱ्या गटात सुटतो. चर्चमधल्या असंख्य स्तोत्रांचा शेवट असाच होतो.

सिंफनिक पॉवर मेटलमध्ये, म्हणजे वाद्यवृंदाची जोड असलेल्या वेगवान मेटलमध्ये, कोरस (गाण्याचे ध्रुवपद) सुरू होण्याच्या अगदी आधी कॉयर (गायकांचा समूह) आणि व्हायोलिन उंच चढतात, तिथे बहुधा हाच ताण असतो. अशा एखाद्या गाण्यातला तेवढाच तुकडा हेडफोन लावून दोनदा ऐका. जडशीळ, संथ रिफमध्ये (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या धुनेत) मात्र तो ताण मुद्दाम न सोडवता लोंबकळत ठेवतात. दहशत तिथून येते.